शुद्धीवर येण्याची पूर्वतयारी



शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाला बहुधा दोन प्रश्न छळतात : भुलीतून पुन्हा जाग येईल ना आणि जाग आल्यावर किती दुखेल? संमतीपत्रावर सही होते; प्रश्न मात्र मनातच राहतात.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ऑक्टोबर १८४६ मध्ये ईथरच्या भुलीचे यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्याच रुग्णालयातील लॉरेन्स एगबर्ट व सहकाऱ्यांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी एका गटाला भूलतज्ज्ञाने आधीच समजावून सांगितले की, दुखणार कोठे व का, पोटाचे स्नायू सैल कसे सोडावेत, दीर्घ श्वास कसा घ्यावा आणि पोटावर ताण न देता कूस कशी बदलावी. या गटाला अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्मीच लागली. कोणाला ही माहिती दिली आहे, हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते. तरीही हे रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

या तयारीला यंत्रसामग्री लागत नाही. उपाशी राहण्याचे कारण सांगितले, म्हणजे रुग्ण खाल्लेले लपवत नाही. अन्यथा भुलीत पोटातील अन्न फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. धास्तावलेले मूल शुद्धीवर येताना अधिक अस्वस्थ होण्याचा संभव असतो. वृद्धांना भ्रम होऊ शकतो. त्यांना चष्मा व श्रवणयंत्र लवकर परत देणे आणि ओळखीचा आवाज ऐकू येणे उपयुक्त ठरते.

भारतात येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. सुरतच्या यंत्रमागावरील ओडिया कामगाराला गुजराती सूचना कितपत धीर देतील? सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले की, पुरेशा माहितीवाचून दिलेली संमती वैध नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेनेही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्यावर भर दिला आहे.

२०१८ मध्येच सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. त्यामुळे शस्त्रक्रियागृहाचे दार अनेकांना खुले झाले. त्या दारातून आत जाण्यापूर्वीचा दहा मिनिटांचा संवाद गर्दीच्या रुग्णालयात सर्वप्रथम वगळला जाण्याची भीती असते. तो सौजन्याचा भाग न मानता उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.