खेळ : मनाच्या मशागतीचे साधन
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वरूड येथे दिलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकास कार्यकारी मंडळाने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. ज्यांची नावे अशा यादीत कधीच येत नाहीत, त्या मुलांविषयी मला बोलावयाचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नापिकी आणि कर्ज यांनी गांजलेल्या त्याच्या पित्याने आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला होता. मुलगा क्षुल्लक कारणावरून भडके, दप्तर भिरकावी, सोबत्यांच्या अंगावर धावून जाई. शिस्त लावणे हे माझे कर्तव्य, या समजुतीने मी त्याला वर्गाबाहेर उभे करीत असे. प्रसंगी छडीही उगारली. एके दिवशी तो शाळेत आला नाही आणि पुढे कधीच आला नाही. राग हा त्याच्या दुःखाचा वेश होता, हे मला फार उशिरा उमगले. ती खंत आजही माझी पाठ सोडीत नाही.

गतवर्षी माझ्या नातवाच्या हातून मोबाईल काढून घेताच त्याने समोरचे ताट उडवून दिले, तेव्हा मला त्या जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. या वेळी मी हात उगारला नाही, चौकशी केली. त्या चौकशीत एक नवल कळले. ज्या पडद्यावरील खेळांना आपण सर्व दोष देतो, त्याच खेळांचा उपयोग काही ठिकाणी मुलांचा राग शमविण्याकरिता केला जातो.

अमेरिकेतील बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात असा एक खेळ तयार झाला. त्यात मूल पडद्यावरील शत्रूंवर मारा करते आणि त्याच्या हृदयाचे ठोके एक यंत्र मोजीत असते. मूल चिडले, ठोके वाढले, की त्याचा मारा बंद पडतो. श्वास सावकाश घेऊन चित्त स्थिर केले म्हणजे तो पुन्हा सुरू होतो. आरडाओरड करून तेथे काही साधत नाही; जिंकावयाचे तर शांत व्हावेच लागते. परंतु त्या मुलांना शांत होण्याची रीत प्रथम जाणत्या माणसाने समोर बसून शिकविली होती, हे आपण विसरता कामा नये. पुढे जून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 8 ते 12 वर्षांच्या चंचल मुलांचे अवधान सुधारण्यासाठी एका पडद्यावरील खेळास उपचार म्हणून अनुमती दिली. तोही वैद्याच्या चिठ्ठीवर द्यावयाचा, इतर उपचारांच्या जोडीने.

यातील मर्म वरूडच्या बागाइतदारास मी काय सांगावे! संत्र्याचा बहार धरण्यासाठी आपण झाडाला ताण देतो. भारी जमिनीत अधिक दिवस, हलक्या जमिनीत कमी. ताण मोजका असेल आणि वेळेवर पाणी मिळेल, तर झाड फुलते. ताण अति झाला तर झाडच वाळते. मुलाच्या मनाचेही तसेच आहे. चांगला खेळ त्याला मोजका ताण देतो व पाण्याची वाटही दाखवितो. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ताण अमाप आला होता, आणि पाणी घालणारा कोणी नव्हता.

असे खेळ आपणास परके नाहीत. हुतूतूचा गडी प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तो एका श्वासावर. भोवती सात जण टपलेले असता ज्याचे भान सुटले, त्याचा दम तुटला आणि तो बाद झाला. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावयास शिकतो. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी जगापुढे मांडले. आज मात्र आपल्या आळीतील मैदाने ओस आहेत. रडणारे मूल गप्प बसावे म्हणून आपणच त्याच्या हाती मोबाईल देतो. त्याने मूल गप्प होते, शांत होत नाही. खेळावरील ताबा सुटणे हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले असून तिची ती रोगसूची 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली आहे. औषध आणि विष यांत मात्रेचेच अंतर असते.

म्हणून माझी समाजास तीन गोष्टींची विनंती आहे. मूल संतापले असता त्याला मारू नका. त्याच्याजवळ बसा, दहा श्वास त्याच्याबरोबर सावकाश घ्या, आणि मग काय झाले ते विचारा. दुसरे, आपल्या समाजमंदिराचे पटांगण दररोज सायंकाळी मुलांस खुले असावे. खेळ घेण्यास हा म्हातारा मास्तर विनावेतन येईल. तिसरे, मुलाचे दुःख आपल्या आवाक्याबाहेरचे वाटल्यास लाज न बाळगता तज्ज्ञाकडे जा. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र शासनाची 'टेली मानस' ही सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

ज्या घरी कर्ता पुरुष गेला आहे, अशी घरे आपल्या समाजातही आहेत. तेथील मुलांस आपण वह्यापुस्तके देतो, हे योग्यच आहे. परंतु त्या मुलांबरोबर खेळावयास कोण जाते? माझा तो विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. त्याच्या जागी आज उभ्या असलेल्या मुलांपुढे तरी आपण हाती छडी न घेता जावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.