दाब मोजण्याचीं मापें

मोटारीच्या चाकांत हवा भरणारा म्हणतो, “३०.” डॉक्टर म्हणतात, “१२०.” घर बांधणारा कंत्राटदार म्हणतो, “एम २०.” श्रोतेहो, हे तिन्ही आंकडे एकाच जातीचे आहेत, तरी ते शेजारीं मांडूं जातां फसगतच व्हावयाची, कारण आंकड्यामागचें माप कोणी उच्चारलेंच नाहीं.

भोपळा विळीच्या धारेवर चिरतो, पाठीवर चिरत नाहीं. हाताचा जोर तोच. पण धारेवर तो केसाएवढ्या जागेवर एकवटतो. जोरास जागेनें भागावें म्हणजे दाब निघतो. स्थिर हवेंत किंवा पाण्यांत तो एका ठिकाणीं सर्व बाजूंनीं सारखा असतो. घन पदार्थाच्या पोटांत मात्र कोठें ओढ, कोठें रेटा, कोठें कातर, असा दिशेप्रमाणें पालटतो. म्हणून तेथें त्यास प्रतिबल म्हणतात. माप दोहोंचें एकच.

चाकाचे ३० म्हणजे दर चौरस इंचास ३० पौंड. त्याच तबकडीवर पुष्कळदां दुसरें वर्तुळ असतें, दर चौरस सेंटिमीटरास किलोंचें. तेथला १ म्हणजे येथले सुमारें १४. दोन किलो भरावयाचे असतां दोन पौंडांवर हात थांबला तर चाक भुईस टेकेल. उलट पौंडांचा आंकडा किलोंत गांठूं गेल्यास रबर फुटून जवळ उभा असलेल्याच्या जिवावर बेतेल. आणि गंमत अशी कीं, चाक पुरतें बसल्यावर कांटा शून्यावर येतो, तरी आंत बाहेरच्याइतक्या दाबाची हवा असतेच. कांटा सांगतो तो केवळ वरकड दाब.

बाहेरच्या हवेचा दाब पारा सांगतो. १६४८ मध्यें पास्कलचा मेहुणा पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्सांतील प्युई द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारें तीन इंच उतरला. मोताळा तालुक्यांतील धामणगाव बढे येथील विद्यार्थ्यांसही असा प्रयोग दूर नाहीं. मोताळ्याहून राजूर घाटानें बुलढाण्यास चढावें. समुद्रकांठीं ७६० मिलिमीटर उभा राहणारा पारा तेथें, सुमारें साडेसहाशे मीटर उंचीवर, सातशेच्या किंचित वर थांबेल. डॉक्टरांचे १२० हे या पाऱ्याचेच मिलिमीटर. आतां पुष्कळ यंत्रांतून पारा गेला, माप तेवढें राहिलें.

पास्कलचें नांव मापास १९७१ मध्यें मिळालें. हें माप अगदींच चिमुकलें: सुमारें शंभर ग्रॅम वजन चौरस मीटरभर पसरावें, एवढेंच. समुद्रकांठची हवा सरासरी १,०१,३२५ पास्कलांनीं दाबते. म्हणून कंत्राटदार दहा लाखांच्या पटींत बोलतो. ‘एम २०’ म्हणजे दीडशे मिलिमीटरांच्या ठोकळ्यानें २८ दिवसांनीं सुमारें ४६ टनांचा रेटा सोसला पाहिजे. गवंड्यानें वाजवीपेक्षां जास्त पाणी ओतलें कीं तो आंकडा कागदावरच राहतो.

याच बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. तें उल्कापातानें झाल्याचा पुरावा १९७३ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथील काळ्या पाषाणांतील कांहीं स्फटिक न वितळतांच कांचेसारखे झाले आहेत, आणि त्यास कांहीं दशअब्ज पास्कलांचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या लाखों पट, तडाखा बसावा लागतो. त्या क्षणीं तेथें कोणतीही तबकडी नव्हती. दाबाची नोंद दगडानेंच ठेविली.