भाड्याच्या गाडीने युरोप : काय पाहिलं, काय भरलं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांपुढे केलेले भाषण)



मला प्रवासवर्णन करायला सांगितलं होतं. पण डोंगरांचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेत, काहींनी तर नाइलाजाने दोनदा. म्हणून आज फक्त गाडीबद्दल बोलतो. बी विंगमधली दोन कुटुंबं येत्या मे महिन्यात तिकडे स्वतः गाडी चालवायचं म्हणतायत. गेला महिनाभर लिफ्टमध्ये मला जे प्रश्न विचारले गेले ते सगळे रस्त्याबद्दलचे. उजव्या बाजूने चालवायला जमतं का? घाटात भीती वाटते का? जमतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात बसतो. आणि गणपतीच्या दहा दिवसांत लालबागच्या पुलाखालून ज्याने गाडी बाहेर काढलीय त्याला आल्प्सचा घाट काय करणार! आम्हाला घाम फुटला तो कागदांपायी.

आम्ही पाच जण होतो. मी, सौ., साडूभाऊ, मेहुणी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सप्टेंबर २०२३. म्युनिकला गाडी घेतली, इन्सब्रुकवरून ब्रेनरचा घाट उतरून इटलीत, मग डोलोमाइट्सचे डोंगर, व्हेरोना, फ्लोरेन्स आणि परत म्युनिक. गाडी जिथे घेतली तिथेच परत केली, कारण एका शहरात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की वेगळे पैसे लागतात आणि ते थोडे नसतात.

इथून निघण्यापूर्वीचं आधी सांगतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. आपलं आरटीओ ताडदेवचं. फॉर्म ४ ए, लायसन्स, पासपोर्ट आणि हजार रुपये फी. परमिट एक वर्ष चालतं. कोणी म्हणेल, आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, मग कशाला? काउंटरवरचा माणूस मागतो म्हणून. इटलीत पोलिसांनी थांबवलं तरी तेच बघतात. आणि मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसत्या परमिटला किंमत नाही.

दुसरं, क्रेडिट कार्ड. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं कार्ड लागतं. बायकोचं चालत नाही, डेबिट कार्डाला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. खर्च झालेली नसते, पण तुमच्या लिमिटमधून तेवढी गेलेली असते. आमचे १,१०० युरो अडकले, म्हणजे लाखाच्या आसपास. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त देशातच चालू असतं, परदेशासाठी आपण स्वतः सुरू करावं लागतं. आमच्या शेजारच्या काउंटरवर एक पंजाबी जोडपं याच कारणाने दोन तास बसून होतं.

आता त्या काउंटरबद्दल. रात्रभर विमानात बसून तुम्ही उतरलेले असता. पाय सुजलेले, मागे रांग, सासूबाई बाकावर. तेवढ्यात समोरची मुलगी गोड हसून भराभर विचारते : टायर-काचेचं संरक्षण हवं? रस्त्यावरची मदत हवी? मोठी गाडी हवी? आणि सही करायला एक छोटा स्क्रीन पुढे करते. सगळा व्यवहार दहा मिनिटांचा. पुढच्या बारा दिवसांत काही झालं तर पैसे कोणाचे जाणार, हे त्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं.

भाड्यात अपघाताचं संरक्षण साधारणपणे असतंच. पण त्यात एक्सेस नावाचा आकडा असतो. म्हणजे नुकसानीचे पहिले अमुक युरो तुमचे, त्यापुढचे त्यांचे. आणि टायर, काचा, छप्पर, गाडीचं पोट हे पुष्कळदा त्या संरक्षणाच्या बाहेर. साडूभाऊंनी इथे घरी बसून सगळा करार वाचला होता, त्यामुळे टायर आपल्या अंगावर आहे हे आम्हाला ठाऊक होतं. दोघे चालवणार म्हणून माझंही नाव करारात घातलं, रोजचे वेगळे पैसे भरून. नाव नसलेला माणूस चालवताना काही झालं तर सगळं संरक्षण गेलं म्हणून समजा.

मग आम्ही पार्किंगमध्ये गेलो आणि पाऊण तास गाडीभोवती फिरलो. मेहुणी वैतागली. पण इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, चाळीतल्या खोल्या सोडून आपण या इमारतीत २२५ चौरस फुटांचा ताबा घेतला, तेव्हा बिल्डरच्या कागदावर सही करण्याआधी नळ, खिडक्या, फरशीचा एकेक कोपरा तपासून यादी केली होती. ज्यांनी यादी केली त्यांची कामं झाली. तोच प्रकार. चारही चाकांच्या रिम्स, बंपर, आरसे, आतलं मीटर आणि पेट्रोलचा काटा, सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ. मागच्या डाव्या रिमवर बोटभर ओरखडा होता, त्यांच्या कागदावर तो नव्हता. तिथल्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, छोटा आहे, काही होत नाही. आम्ही कागदावर लिहून घ्या म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेला. म्हणून तो ओरखडा नंबरप्लेटसकट फोटोत घेतला आणि तिथूनच कंपनीला ईमेल केला. हा ईमेल लक्षात ठेवा.

ऑस्ट्रियाच्या हायवेवर विनेट लागतो, म्हणजे दिवसांच्या हिशोबाचा टोल. जर्मनीत घेतलेल्या गाडीला तो असेलच असं नाही. हद्दीच्या आधीच्या पेट्रोलपंपावर मिळतो. ब्रेनरच्या घाटाचा टोल त्याखेरीज. इटलीत नाक्यावर पिवळी टेलिपासची लेन सोडून जायचं, ती आपल्या फास्टॅगसारखी. आणि इटलीतल्या पंपावर गासोलिओ लिहिलेलं असतं ते डिझेल. पेट्रोलला बेंझिना म्हणतात. नावावर जाऊ नका.

टायर गेला तो रविवारी, वाल गार्देनाच्या खोऱ्यात. समोरून बस आली म्हणून गाडी कडेला घेतली, तिथे दगडाची धार होती. टायरच्या बाजूला चीर पडली. डिकी उघडली तर स्टेपनी नाही! हल्ली बऱ्याच गाड्यांत नसते. एक फेसाची बाटली आणि हवेचा पंप असतो. खिळा गेला असेल तर तो फेस चालतो, बाजूची चीर त्याने बुजत नाही. आपल्याकडे दर चौकात पंक्चरवाला असतो, याची खरी किंमत तिथे कळली. पिवळी जाकिटं घालून, त्रिकोण ठेवून उभे राहिलो. इटलीत हे सक्तीचं आहे. त्यामुळे दोन्ही वस्तू गाडीत आहेत ना, तेही काउंटर सोडण्यापूर्वी बघायचं.

मदतीचा ट्रक दोन तास चाळीस मिनिटांनी आला. त्यात दोघांचीच जागा. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं गाडीबरोबर जा. आम्ही बायका बसने येतो, मला डोंगर तरी दिसतील.” त्यांच्या गोळ्या पर्समध्ये होत्या, डिकीत नव्हत्या, म्हणून हे जमलं. लालबागच्या चिवडागल्लीतून नेलेला चिवडा त्यांनी ट्रक ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. त्याने तो खाल्ला, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला. बोलझानोत रविवारी टायरचं दुकान बंद. व्हेरोनाच्या हॉटेलची एक रात्र बुडाली. सोमवारी सकाळी टायर बसला. पावती घेतली, बदललेल्या टायरचा फोटो घेतला. ते पैसे आमचेच होते, त्याबद्दल तक्रार नाही.

फ्लोरेन्समध्ये गाडी आत नेली नाही. इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल नावाचा भाग असतो, परवान्याशिवाय आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. पोलीस थांबवत नाही, शिट्टी वाजत नाही. दंडाचा कागद आधी गाडीच्या कंपनीकडे जातो. ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे पैसे तुमच्याच कार्डावरून कापते. दंड वेगळा, तो घरी येतो. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. म्हणजे या गणपतीत गेलात तर दंड पुढच्या गणपतीपर्यंत येऊ शकतो! आम्ही व्हिला कोस्तान्झाला गाडी ठेवली. ते पार्किंग थेट ए-१ हायवेवरच आहे, तिथून ट्राम शहरात जाते.

गाडी परत केली तेव्हा माणूस म्हणाला, ऑल ओके. सही केलेला कागद मात्र दिला नाही, ईमेल येईल म्हणाला. घरी आल्यावर एकोणिसाव्या दिवशी ईमेल आला : मागच्या डाव्या रिमला नुकसान, ६८४ युरो कार्डावरून घेतले. त्यात ५५ युरो कागदपत्रांचा खर्च. रुपयांत साठ हजारांच्या वर. तोच तो बोटभर ओरखडा.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे पत्रव्यवहाराचा कंटाळा येत नाही. पत्रात रागाचा एक शब्द घातला नाही. तीन गोष्टी मागितल्या : गाडी देतानाचा तपासणीचा कागद, दुरुस्तीचं बिल आणि त्यांच्या फोटोंची तारीख. सोबत आमचा पहिल्या दिवशीचा ईमेल जोडला. २०१७ च्या जानेवारीत युरोपियन कमिशनने पाच मोठ्या कंपन्यांकडून कबूल करून घेतलंय की नुकसानीचे पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला हरकत घेण्याची संधी द्यायची. आमची कंपनी त्या पाचांत नव्हती, तरी तो दाखला दिला. तीनदा तेच छापील उत्तर आलं. मग कार्डाच्या बँकेत डिस्प्यूट फॉर्म भरला, सगळे कागद लावून. फॉर्मला मुदत असते, ती स्टेटमेंटच्या तारखेपासून मोजा आणि कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

सात आठवड्यांनी ६२९ युरो परत आले. ५५ आले नाहीत. परकीय चलनाचा जो साडेतीन टक्के चार्ज लागला होता तोही नाही. साडूभाऊ म्हणाले, जाऊ द्या आता. सौ.चंही तेच मत पडलं. मी ५५ युरोंसाठी आणखी एक पत्र लिहिलंय, त्याचं उत्तर अजून यायचंय.

सगळी पत्रं, फोटो आणि कराराची प्रत एका फाइलमध्ये लावून ठेवलीय. मे महिन्यात जाणाऱ्यांनी सी विंग, तिसऱ्या मजल्यावर यावं. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो.