साथीची मोजणी आणि कष्टकरी माणूस



मी डॉक्टर नाही. माझी शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा रोगावरचे औषध मी सांगणार नाही. ताप, खोकला आणि श्वासाच्या रोगांची साथ आली म्हणजे प्रयोगशाळा ती कशी ओळखते, कशी मोजते, आणि त्या मोजणीतून कोण सुटते, एवढाच माझा विषय आहे. माझा जन्म हजेरीपट पाहण्यात गेला. पटावर ज्याचे नाव नाही त्याला पगार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. साथीच्या पटाचेही तसेच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पाठोपाठ बंदर, टांकसाळ आणि गिरण्यांतली माणसे अंथरुणाला खिळली. तो इन्फ्लुएंझा होता. पण त्याचा माणसातला विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली. म्हणजे १९१८ मध्ये रोगाची ओळख पटवील अशी परीक्षाच नव्हती. मोजता येत होती ती प्रेते. ६ ऑक्टोबरच्या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असावीत, असा अंदाज अभ्यासक देतात. मुंबईच्या नोंदींतला एक आकडा मात्र कधी विसरू नये. युरोपियनांत हजारी आठ माणसे दगावली, तर ज्यांना खालच्या जाती म्हणून वेगळे नोंदले होते त्यांच्यांत हजारी एकसष्ट. जंतू एकच होता. खोल्या वेगळ्या होत्या, आणि ताटातले अन्नही वेगळे होते.

पुढे विज्ञानाने पाऊल टाकले. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएंझावर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. त्याचे पहिले काम डास आणि गोचिडींमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचे होते. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय संस्था झाले, आणि आज एनआयव्ही हे नाव घरोघरी माहीत आहे. १९५७ ची आशियाई इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा आपल्या देशात चव्वेचाळीस लाखांवर रुग्णांची नोंद झाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे डोळे पुण्याच्या याच संस्थेकडे लागले होते.

ही नजर ठेवतात कशी? प्रत्येक शिंकणाऱ्याची परीक्षा कोणतेच सरकार करू शकत नाही. म्हणून काही दवाखाने नेमून घेतात. दहा दिवसांच्या आतला ताप आणि खोकला असलेल्या काही रुग्णांच्या नाकाघशातून काडीने नमुना घेतात, आणि तो थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातो. तिथे विषाणूचा सूक्ष्म अंश यंत्राने पुन्हा पुन्हा दुप्पट करतात, इतका की तो ओळखता यावा. इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून देशोदेशीचे निष्कर्ष एकत्र करून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते वाण घ्यावे हे ठरते.

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात काय चालते? पोत्यातला मूठभर माल हातात घेऊन साऱ्या राशीची पारख होते. पण ती मूठ पोत्याच्या तोंडावरचीच असेल, तर तळाची ओली हळकुंडे कोणाला दिसणार? साथीच्या मोजणीतला सगळा प्रश्न हाच आहे. मूठ कोठून घेतली?

याचा पडताळा २०२० साली आला. मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातले नमुने पुण्याला जात होते. लवकरच मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय झाली. ही मोठीच गोष्ट होती. पण प्रयोगशाळेला दिसत होता तो तिच्या दारी आलेला माणूस. म्हणून मे-जूनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने २१ राज्यांतल्या ७० जिल्ह्यांत सुमारे २८ हजार प्रौढांचे रक्त तपासले. त्या सत्तरांत आपला सांगली जिल्हा होता. दहा वस्त्या निवडायच्या आणि प्रत्येक वस्तीत चाळीस माणसे घ्यायची, अशी ती रीत. म्हणजे मूठ पोत्याच्या पोटातून घेतली. निष्कर्ष असा निघाला की नोंदलेल्या एका रुग्णामागे बाधा झालेली माणसे ८२ ते १३० होती! त्याच जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत अशीच पाहणी झाली. झोपडपट्टीत शंभरांतल्या ५७ जणांच्या रक्तात बाधेची खूण सापडली, बाहेरच्या इमारतींत १६ जणांच्या. एकशेदोन वर्षे लोटली, प्रयोगशाळा आली, यंत्रे आली. खोल्यांतला फरक तेवढा कायम राहिला.

कोणी म्हणतात, कामगार अडाणी, म्हणून तो तपासून घेत नाही. मित्रहो, हे खरे नाही. कामगाराला हिशेब चांगला येतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, गेटवर ताप पाहण्याचे यंत्र बसले. ताप निघाला की घरी जायचे, आणि घरी गेले की खाडा. तेव्हा कंत्राटी पोरे पॅरासिटामॉलची गोळी घेऊनच गेटवर येऊ लागली. यंत्राने रोज प्रामाणिकपणे नोंदले : ताप नाही. यात यंत्र खोटे बोलले काय? आणि त्या पोरांना तरी खोटे कसे म्हणावे? खोटा होता तो नियम, ज्याने खऱ्या उत्तराला दंड ठेवला होता.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजाऱ्याला मजुरीचा काही भाग मिळण्याची वाट केली. तेव्हा आम्ही त्याला पोटाचा हक्क समजत होतो. आज मी म्हणतो, तो विज्ञानाचाही पाया आहे. ज्याचा खाडा भरून निघतो तो दवाखान्यात येतो. जो दवाखान्यात येतो तोच नमुन्यात येतो. आणि नमुन्यात जो आला त्याच्याच वस्तीचा धोका वेळेवर कळतो. पण ज्या हमालाचे, मोलकरणीचे, ऊसतोड्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्याचा ताप प्रयोगशाळेला कोण सांगणार?

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. तापाच्या दिवसांचा पगार कापू नये, कंत्राटी माणसाचाही नाही. नमुने घेण्याची जागा मोठ्या इस्पितळापुरती न ठेवता बाजार समितीच्या आवारात, स्टेशनाजवळ आणि वसाहतींतही असावी. आठवड्याचे आकडे महापालिकेने आपल्या भाषेत फळ्यावर लावावेत. आणि चौथे मागणे तुमच्या-माझ्याकडे आहे. रोग्याचे नाव कळले म्हणून शेजाऱ्याने दार लावून घेऊ नये. दार लावले की पुढचा रोगी आजार लपवतो, आणि लपलेला आजार तुमच्याच जिन्याने वर येतो.

ज्या गावात लांबलांबून आजारी माणसे बरी व्हायला येतात, त्या मिरजेला हे पटवायला फार बोलावे लागू नये.