बोलकी पुस्तकं आणि त्यांचं कार्ड
(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'काहीतरी प्रेरणादायी' बोलायला सांगितलं होतं. ते मला जमत नाही. त्याऐवजी, गेल्या सहा महिन्यांत मला चार फोन आले, चारही एकाच प्रश्नाचे, त्याचं उत्तर इथे एकदमच देऊन टाकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची नजर गेली आहे, पुस्तकं ऐकायचं यंत्र घेतलंय, त्यात मेमरी कार्ड कोणतं घालायचं? तीन फोन तुमच्यापैकी तिघांचे होते. चौथा आपल्या मराठीच्या बाईंच्या मुलीचा. बाई समोर बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच हे सांगतोय.

माझी नजर रेटिनायटिस पिग्मेंटोझाने तिशीत गेली. या आजारात आधी संधिप्रकाशात दिसेनासं होतं. संध्याकाळी मैदानावर माझ्या हातून कॅच का सुटायचे, हे कप्तानाला आता तरी कळलं असेल.

तेव्हा पुस्तकं कॅसेटवर मिळायची. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या ग्रंथालयातून पिशवी भरून कॅसेट आणायच्या. पंधरा तासांच्या कादंबरीला ९० मिनिटांच्या दहा कॅसेट लागत, आणि सातवी कॅसेट यंत्राने चावली की नायिकेचं पुढे काय झालं ते आठवीवरून ओळखायचं. आज तीच कादंबरी ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये साधारण ४३० एमबीत मावते. म्हणजे ३२ जीबीच्या एका कार्डावर अशा सत्तरएक कादंबऱ्या. रोज दोन तास ऐकलं तरी दीड वर्ष सहज जाईल.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मोठ्या आकड्यामागे धावू नका, ३२ जीबी घ्या. यात फक्त काटकसर नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने आखलेली असतात, ६४ आणि त्यावरची एक्सफॅट पद्धतीने. डेझी पुस्तकं वाचणाऱ्या बऱ्याच जुन्या यंत्रांना ही दुसरी पद्धत कळतच नाही. ते यंत्र 'कार्ड नाही' एवढंच म्हणतं, किंवा तेही म्हणत नाही. डोळस माणूस पडद्यावर काहीतरी वाचून अंदाज बांधेल. ऐंशी वर्षांच्या न दिसणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याच हातून काही बिघडलं. मग यंत्र कपाटात जातं आणि घरच्यांना वाटतं, 'त्यांना आवडच नाही.' असं मी दोन घरांत पाहिलंय.

वेगासाठी जादा पैसे देऊ नका. कार्डावर 'क्लास १०' किंवा 'यू३' लिहिलेलं असतं, ते मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. वाचून दाखवणाऱ्या आवाजाला सेकंदाला ८ केबी पुरतात. तुम्हीच हिशेब करा.

यंत्रात जागा असेल तर मोठं एसडी कार्ड घ्या, मायक्रो नको. मोठं कार्ड २४ बाय ३२ मिलिमीटरचं असतं. एक कोपरा कापलेला, त्यामुळे बोटाला सुलट-उलट कळतं. मायक्रो कार्ड जेमतेम नखाएवढं. पडलं की आम्ही केरात शोधत बसतो. मोठ्या कार्डाच्या कडेला सरकणारं छोटं कुलूपही असतं. पुस्तकं भरून झाली की ते लावा, चुकून काही पुसलं जाणार नाही. मात्र त्याच कार्डावर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर ते उघडं हवं. कार्डावर ब्रेलची पट्टी चिकटवू नका, खाचेत अडकते. डबीवर चिकटवा.

आता खोट्या मालाबद्दल. माझे वडील इथल्याच कापसाच्या गोदामात होते. ते म्हणायचे, गाठीवरचा शिक्का वाचू नये, नमुना ओढून धागा बघावा. कार्डाचंही तसंच. मी एकदा एका दुकानातून ६४ लिहिलेलं कार्ड आणलं, आत होतं ८. गंमत म्हणजे सुरुवातीची पुस्तकं अगदी नीट वाजली. पुढची भरताना दिसली, पण ऐकायला गेलो तर नुसती शांतता. म्हणून नवं कार्ड संगणकावर पूर्ण भरून परत वाचून बघावं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम हेच काम करतो. तासभर लागला तर लागू दे.

पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर आमच्यासाठी सुगम प्रती करायला प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही, आणि २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' आहे. तरी मराठी पुस्तकं इंग्रजीच्या मानाने फारच कमी, आणि माणसाच्या आवाजातली तर अजून कमी. संगणकाचा आवाज जोडाक्षरांना असा अडखळतो की बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

बाईंसाठी दोन कार्डं आणली आहेत, दोन्ही ३२ ची, दोन्ही तपासलेली. एक भरून, कुलूप लावून त्यांच्या मुलीकडे दिलंय. दुसरं कोरं आहे. जेवणानंतर ग्रंथालयाच्या खोलीत रेकॉर्डर लावून मी बसणार आहे. बाईंना ऐकायची असलेली पुस्तकं टेबलावर आहेत, ज्याला जेवढी पानं जमतील तेवढी वाचा. आधी आपलं नाव आणि तुकडी सांगा, आणि पंखा बंद ठेवा, त्याची घरघर फार येते.