रस्ता कुणाच्या हद्दीत?

(चंद्रपूरच्या युवक बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कायद्याचं पुस्तक मी हमालासारखं वाचतो. कुठलं वजन कुणाच्या पाठीवर टाकलंय, एवढंच बघतो.

आजचा विषय हायवेवरच्या पोलिसांचा. 1982 साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तिथल्या पोलिसाच्या हातात बंदूक आली आणि तीच राहिली. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर मेला. ज्या रस्त्यावर पोलिसाचीच गाडी शाबूत राहत नाही, तिथं तो ट्रकचा वेग काय मोजणार? हे कारण खरं होतं. पण ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता ते कारण पुरणार नाही.

सुरजागडचं लोहखनिज ट्रकांतून एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यानं उतरतं. इकडे चंद्रपुरात कोळसा, सिमेंट. त्याच रस्त्याच्या कडेनं मोह वेचून परतणारी बाई चालते, सायकलवर शाळेची पोर जाते. यांच्यासाठी पोलीस कोण?

काहीजण म्हणतात, ठाण्याचा पोलीस नको, तो हप्ता खातो. महामार्गाचं वेगळं पथकच बरं. हप्ता मलाही ठाऊक आहे. पण पथक येतं आणि जातं. ठाणं कुठंच जात नाही. अपघाताचा गुन्हा तिथंच नोंदला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 159 प्रमाणे अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, तो तपास करणाऱ्या पोलिसानंच. म्हणजे माणूस मेल्यावरचं काम ठाण्याचं, तर मरण्याआधीचंही ठाण्याचंच असू द्या. गस्त त्यांच्याकडे द्या. आपण त्यांना नावानं ओळखतो, ग्रामसभेत उभं करून विचारू शकतो.

पण गस्त कशाची? फक्त हेल्मेट नसलेल्या मजुराची असेल तर ती वसुली झाली. गोदीत क्रेनवर रंगवलेलं असतं, किती टन उचलायचे. मुकादम कितीही बोंबलला तरी त्यावर उचलायचं नसतं. ट्रकचंही तसंच. कलम 194 सांगतं, जादा माल असेल तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागं 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हा दंड गाडी चालवणाऱ्याला आहे, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही आहे. हे शब्द पाठ करा, दोस्तहो. ड्रायव्हर आपल्यासारखाच पोटार्थी. मालक मात्र पावतीवर कधी दिसत नाही.

वजन करायला लावायचा अधिकार कलम 114 प्रमाणे मोटार वाहन खात्याला, किंवा सरकार ज्याला देईल त्याला. मग सरकारनं तो ठाण्याला द्यावा, वजनकाट्यासकट. आणि काट्याचे आकडे रोज ठाण्याच्या भिंतीवर लावावेत, म्हणजे हप्त्याला अंधार मिळणार नाही.

आता तुमचं काम. अपघात झाला की ठाणं म्हणतं, ही आमची हद्द नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं, गुन्हा कुठंही घडो, खबर घ्यावीच लागेल. आणि खबर देणाऱ्याला तिची नक्कल फुकट मिळेल. ट्रक पळून गेला, नंबर मिळालाच नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि जबर जखमीला 50,000 रुपये आहेत. अर्ज तहसील किंवा उपविभागाच्या कचेरीत. हे त्या मोहवाल्या बाईच्या घरी कोण सांगणार? ती म्हणते, “आमचं कोन आयकते, भाऊ?”

तिच्याबरोबर ठाण्याची पायरी चढा. कविता आपण रात्री लिहू. दिवसा तिची फिर्याद लिहा, नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

जयभीम.