स्पर्धक होण्यापूर्वी स्वयंसेवक



पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये खंड न पाडता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिचा सर्वांत प्रसिद्ध दीर्घ प्रकार ‘आयर्नमॅन’ या नावाने ओळखला जातो. त्यात ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावावी लागते, आणि हे सारे बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत संपवायचे असते. मधल्या टप्प्यांनाही वेगवेगळी कालमर्यादा असते, जिला खेळाडू ‘कटऑफ’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील डॉक्टर, पोलीस अधिकारी, अभियंते आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या शर्यतींकडे वळले आहेत, त्यामुळे हा विषय या सभागृहात परका राहिलेला नाही. ज्याला अशा शर्यतीत उतरायचे आहे त्याने त्याआधी तिच्यात एक पूर्ण दिवस स्वयंसेवक म्हणून काढावा, आणि तो दिवस सरावाच्या वेळापत्रकातच धरावा, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

या शर्यतीचा आरंभ पाहिला तर स्वयंसेवकाचे स्थान नीट कळते. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर, अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जूडी यांच्या कल्पनेतून पहिली आयर्नमॅन शर्यत झाली; १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. तेव्हा वाटेवर पाण्याची सार्वजनिक सोय नव्हती, प्रत्येक स्पर्धकाने आपले मदतनीस स्वतःच आणायचे होते. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या जॉन डनबार यांच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि मदतनिसांनी डनबार यांना बिअर पाजली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. विजेते गॉर्डन हॅलर यांनी ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद घेतले. पुढे स्पर्धक शेकड्यांनी आणि हजारांनी वाढले, खासगी मदतनिसांवर बंदी आली आणि मदतीचे सारे काम सामायिक झाले. जो मदतनीस एकाचा होता तो सर्वांचा झाला, आणि या बदलामुळेच आजची शर्यत शक्य झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. जर्मनीत बव्हेरियामधील रोथ येथे होणाऱ्या प्रसिद्ध दीर्घ शर्यतीत सुमारे साडेतीन हजार वैयक्तिक स्पर्धकांसाठी सात हजारांहून अधिक स्वयंसेवक राबतात, म्हणजे धावणाऱ्या प्रत्येक माणसामागे दोन माणसे उभी असतात.

न्यूयॉर्क राज्यातील अॅडिराँडॅक पर्वतराजीत वसलेले लेक प्लॅसिड हे छोटे गाव या संदर्भात विशेष अभ्यासण्याजोगे आहे. १९३२ आणि १९८० असे दोन हिवाळी ऑलिम्पिक सोहळे भरवलेल्या या गावात १९९९ पासून आयर्नमॅन शर्यत होते. पोहणे मिरर लेक या तलावात, आणि शेवट त्या मैदानावर, जिथे १९८० साली एरिक हायडेन यांनी बर्फावरील वेगवान स्केटिंगची पाच सुवर्णपदके जिंकली. या शर्यतीतील जागा लगेच संपत असत, म्हणून अनेक वर्षे अशी रीत होती की शर्यतीत काम केलेल्या स्वयंसेवकांना दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाच्या नोंदणीत अग्रक्रम मिळे. पुष्कळ जण त्या जागेसाठीच काम करायला येत, हे खरे आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कारण हेतू कोणताही असला तरी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या त्या दिवसाने जे शिकवायचे ते शिकवलेच.

हे शिक्षण अंधारातच सुरू होते. पहाटे स्पर्धकांच्या दंडावर क्रमांक आणि पोटरीवर वय जाड शाईने लिहिण्याचे काम स्वयंसेवकांकडे असे, आणि वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कामात शर्यतीपूर्वीची भीती जितक्या जवळून दिसे तितकी ती कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. दंड पुढे करणाऱ्याचा हात थरथरत असे, कोणी अखंड बोलत राही, कोणी एक शब्दही उच्चारत नसे, आणि पोटरीवर साठी ओलांडलेले वय लिहून घेणारी व्यक्ती शांतपणे पुढे जाई. ही धास्ती सर्वांनाच असते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे स्वतःच्या वाट्याला आलेली धास्ती दुबळेपणाची खूण वाटत नाही. त्यानंतर पाण्यातून बाहेर येणाऱ्यांचे वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब राखणारे आणि अंगाला घट्ट चिकटणारे रबरी पोशाख, उतरवण्याचे काम येते. स्पर्धक जमिनीवर पाठ टेकतो, दोघे जण पोशाख धरून एका ओढीत काढतात आणि त्याला हात देऊन उभा करतात.

सर्वांत अधिक शिकवणारी जागा मात्र कपडे बदलण्याच्या तंबूत असते. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या या टप्प्याला ट्रान्झिशन म्हणतात. स्पर्धकाने आदल्या दिवशी भरून ठेवलेली, क्रमांक घातलेली पिशवी स्वयंसेवक त्याच्या पुढ्यात रिकामी करतो आणि मोजे, बूट, शिरस्त्राण हाती देतो. ज्याने चार वस्तू क्रमाने ठेवल्या आहेत तो दोन-तीन मिनिटांत बाहेर पडतो. ज्याने शंकेपोटी घरदार भरून आणले आहे तो प्रत्येक वस्तूपुढे नव्याने निर्णय घेत बसतो, आणि थकलेल्या मेंदूला निर्णय घेणे पायांना पळण्याइतकेच जड जाते. ओल्या पायांवर मोजे चढत नाहीत, बोटे गारठली की शिरस्त्राणाचा पट्टा लागत नाही, ही साधी सत्ये येथे इतक्या वेळा डोळ्यांपुढून जातात की ती सांगून शिकवण्याची गरज उरत नाही.

सायकलमार्गावरील पाणपोईचे काम त्या मानाने सरळ, पण कौशल्याचे आहे. हातात काय आहे ते मोठ्याने पुकारायचे, बाटली सैल धरायची, स्वार जवळ येताच तो चालला आहे त्याच दिशेने चार पावले धावायचे आणि त्याची पकड बसताक्षणी सोडून द्यायची.

शेवटच्या रेषेवरील स्वयंसेवकांविषयी मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे. रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी तेथे माणसे उभी असतात, आणि त्यामागे शरीरशास्त्रातील निश्चित कारण आहे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलत असतात. धावणारा एकाएकी थांबला की हे ढकलणे थांबते, विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्त पायांतच साचते, रक्तदाब घसरतो आणि तासन्‌तास टिकून राहिलेला माणूस रेषा ओलांडल्यानंतर कोसळतो. म्हणून त्याला उभा न ठेवता हळूहळू चालवत नेतात आणि चालता चालता नाव, गाव, सोबत कोण आले आहे असे साधे प्रश्न विचारतात. गप्पांसारखे वाटणारे हे प्रश्न म्हणजे भान शाबूत आहे की नाही याची चाचणी असते. उत्तरे असंबद्ध आली तर वैद्यकीय तंबू गाठावा लागतो, कारण त्यामागे उष्माघात असू शकतो किंवा रक्तातील सोडियमचे प्रमाण घटलेले असू शकते. ही घट पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यामुळे होते. अशा माणसाला तहानलेला समजून आणखी पाणी पाजणे धोक्याचे असते, आणि भरपूर पाणी प्यावे एवढ्याच उपदेशावर वाढलेल्या नवोदिताला ही गोष्ट तंबूच्या दारात पाहिल्यावर जशी पटते तशी व्याख्यानातून पटत नाही.

मदत कोठे थांबवायची, हेही स्वयंसेवकाला शिकावे लागते. नेमून दिलेल्या सोयींपलीकडे जाऊन कोणी स्पर्धकाला आधार देत पुढे नेले, तर तो स्पर्धक बाद ठरू शकतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतील शर्यतीत, आपल्या महाविद्यालयीन प्रबंधासाठी उतरलेली जूली मॉस ही विद्यार्थिनी महिलांमध्ये आघाडीवर असताना शेवटच्या रेषेच्या अगदी जवळ पुन्हा पुन्हा कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढे निघून गेली, आणि मॉसने अवघ्या २९ सेकंदांच्या फरकाने, हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत रेषा ओलांडली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून असंख्य लोक या खेळाकडे वळले. त्या क्षणी भोवती असलेल्यांनी हात आवरून धरणे हेही एक कठीण काम होते, आणि दुसऱ्याचा प्रयत्न त्याच्याकडून हिरावून न घेता त्याच्याजवळ उभे राहण्याची ही शिस्त स्वयंसेवकाच्या कामाचा गाभा आहे, असे मानावे लागते.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. अनेक मोठ्या शर्यती व्यापारी कंपन्या भरवतात, स्पर्धकांकडून भरघोस शुल्क घेतात आणि काम मात्र बिनमोल करून घेतात. हे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न रास्त आहे. काही ठिकाणी पाणपोई सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांना देणगी दिली जाते, ते उचितच आहे आणि ते सर्वत्र व्हायला हवे. परंतु स्वयंसेवकाचे काम कंपनीच्या नव्हे, समोरून येणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते, आणि म्हणून या आक्षेपाचे उत्तर आयोजकांनी द्यायचे आहे. पाण्याचा पेला पुढे करणाऱ्याला त्यापायी संकोच वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हा अनुभव घेण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. आयर्नमॅन मालिकेतील भारतातली पहिली शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात झाली. ती निम्म्या पल्ल्याची, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी आहे, आणि तिचे पोहणे पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर अरबी समुद्रात होते. तेथील पाणी उबदार असल्याने वेटसूट लागत नाही. खरी कसोटी धावण्याच्या टप्प्यात, दमट उन्हात लागते. ज्याला काम निवडण्याची मुभा मिळेल त्याने सुरुवातीच्या जल्लोषातील जागा इतरांना द्यावी आणि धावण्याच्या मार्गावरील उशिराची पाळी मागून घ्यावी. विजेते केव्हाच निघून गेलेले असतात, कटऑफ जवळ येत असतो, आणि नोकरी, संसार, परीक्षा सांभाळून पहाटे सराव केलेली माणसे बर्फाचा तुकडा टोपीखाली ठेवून पुढच्या वळणाकडे चालू लागतात. पहिल्या वर्षी बहुतेक नवोदितांची जागा याच माणसांमध्ये असणार आहे, म्हणून त्यांची चाल, त्यांचे थांबणे, त्यांनी काय खाल्ले आणि काय नाकारले हे जवळून पाहावे, आणि प्रत्येकाच्या क्रमांकपट्टीवरील नाव वाचून त्याला त्या नावाने हाक मारावी.